वाकणाऱ्या घरातला शिंपला

ज्याचं तोंड उघडावं म्हणून एक अख्खं घर महिनोन्‌महिने झटत होतं, तो मी. मी शिंपला. आज आपणहून तोंड उघडलंय, तर दोन घटका बसा. आमच्या जातीला लोक मुखदुर्बळ समजतात, पण खरं सांगू का, आम्हाला कधी कुणी काही विचारतच नाही.

विचारतात ते एकच. आत मोती आहे का? घरी येणारा प्रत्येक पाहुणा काचेला नाक लावून हेच विचारतो. नाही हो. मोतीवाले आमचे लांबचे चुलतभाऊ. नाकापेक्षा मोती जड करून घेण्याची हौस मला नाही. माझं सगळं वैभव अंगावर आहे. कवचाच्या दोन दारांमधून बाहेर पसरते ती माझी झालर. निळी. आता निळी म्हणजे किती निळी, ते पुढे येईलच. रंगाचा विषय निघाला की मला आवरत नाही, म्हणून आत्ताच थांबतो.

माझा जन्म भर समुद्रातला नाही. समुद्रकाठी उथळ हौद बांधून त्यात शिंपले वाढवतात, रोपवाटिकेत रोपं वाढवावीत तसे. तिथला मी. एक बाई गुडघाभर पाण्यात उभी राहून दात घासायच्या ब्रशने आम्हा पोरांची अंगं घासायची, कवचावर शेवाळ चढू नये म्हणून. घासताना सारखी ओरडायची, "हलू नका रे." आम्ही जाणार कुठे? पण तिला ओरडायला कुणीतरी हवं होतं, आणि आम्हालाही ते ऐकायला आवडायचं.

माझ्या जेवणाचं गणित तुम्हाला सांगून ठेवायला हवं, नाहीतर पुढची गोष्ट कळायची नाही. माझ्या झालरीत अगदी बारीक शेवाळ राहतं. भाडेकरूच म्हणा. उजेड पडला की ते साखर तयार करतं आणि भाड्यापोटी त्यातली बरीचशी मला देतं. थोडंफार मी पाणी गाळून मिळवतो, पण मुख्य घास उजेडाचा. म्हणजे झालर पसरून उजेडात लोळत पडणं हेच माझे काबाडकष्ट. उघडलो तर जेवलो, मिटलो तर उपाशी. इतकं सोपं आहे.

अंगठ्याएवढा होतो तेव्हाच मला पिशवीत, पिशवीला खोक्यात आणि खोक्याला गाडीत घातलं. अंधाराचा तो प्रवास मी सांगत नाही, आठवला की अजून मिटायला होतं. डोळे उघडले ते एका दुकानात. दुकानदाराला बारमाही सर्दी होती. त्याने मला एका बसक्या टबात ठेवलं आणि तिथे मी चांगला मुठीएवढा झालो. गिऱ्हाईक आलं की आमच्याकडे वरून बघायचं, आणि आमची जात वरूनच बघायची असते हे त्या शिंकणाऱ्या माणसाला नीट ठाऊक होतं.

एक दिवस एक बुटक्या बांध्याची बाई आली आणि माझ्या टबापाशी थांबली ती हलेचना. दुकानदाराने दोनदा शिंकून झालं तरी ती तिथेच. हा तोंड कधी उघडतो, असं तिने विचारलं. दुकानदार म्हणाला, "त्याला वाटेल तेव्हा. जबरदस्ती चालत नाही, मॅडम." हे ऐकून ती मोठ्याने हसली. का हसली ते मला घरी गेल्यावर कळलं. ती दातांची डॉक्टर होती.

त्या दिवशी नवऱ्याने विचारलं, इतकी वर्षं मासे पाळतेस ते ठीक, हा दगड कशाला आणलास? तेव्हा ती म्हणाली, "दिवसभर माणसं मला घाबरून तोंड उघडतात. घरी एक तरी असा हवा, जो मला न घाबरता उघडेल."

मी तिथल्या तिथे ठरवलं, हिच्यासाठी उघडायचं. ठरवणं सोपं असतं.

डॉक्टरीणबाईंनी माझं स्वागत मोठ्या इतमामाने केलं. नव्या पाण्यात एकदम टाकलं तर मला धक्का बसतो, म्हणून दवाखान्यातली सलाईनची नळी आणून हॉलमधल्या काचेच्या टाकीतलं पाणी थेंब थेंब माझ्या भांड्यात सोडलं. मग पाण्याखालीच मला हळूच तिरकं करून आत अडकलेला हवेचा बुडबुडा बाहेर काढला आणि प्रवाळाच्या शेजारी एका खडकावर ठेवलं. माझ्या पायातून धागे निघतात. त्यांनी मी तो खडक घट्ट धरला. पाय रोवणं म्हणजे काय ते आमच्याकडून शिकावं. एकदा रोवले की ओढून काढता येत नाही, ओढलं तर पाय फाटतो आणि जीव जातो.

घरात चार माणसं. डॉक्टरीणबाईंचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा; त्याला सगळे मिस्त्री म्हणत, म्हणून मीही म्हणतो. टाकीखालचं भक्कम टेबल त्याने केलेलं. पाण्याची वाफ होते पण मीठ मागेच राहतं, तेव्हा वाफेच्या जागी गोडंच पाणी भरायला हवं, हे त्याने कुठूनतरी समजून घेतलं आणि गच्चीवरच्या टाकीला असतो तसा इवलासा तरंगता गोळा बसवून टाकला. पाणी उतरलं की आपोआप भरतं. त्यांची मुलगी टिकली. नाव लहानपणीचं, आता ती आईएवढी झाली होती आणि कॉलेजात जात होती. मला 'तो' म्हणायचं की 'ती' यावर तिचं आणि मिस्त्रीचं रोज वाजायचं. आमच्यात आधी नर असतात आणि वय झालं की दोन्ही, त्यामुळे दोघंही बरोबर होते. पण भांडण रंगात आलं असताना मध्ये कशाला बोला?

चौथे आजोबा, मिस्त्रीचे वडील. उंच, सरळ, दाराच्या चौकटीला डोकं टेकेल असे. जन्मभर बंदराच्या धक्क्यावर क्रेन चालवलेली. एवढ्या उंचावर बसून खालचं सगळं बघायची सवय. निवृत्त झाल्यावर पाठीचं ऑपरेशन झालं, मणक्यात धातूची पट्टी बसली आणि वाकणं कायमचं बंद झालं. ते स्वतःच लोकांना सांगायचे की पूर्वी आपण म्हणायचो मोडेन पण वाकणार नाही. एकदा मोडलो, आता वाकायचं म्हटलं तरी सोय नाही. आणि काठी आपटून हसायचे.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

मी आलो त्याच संध्याकाळी आजोबा हॉलमधून चालत गेले. समोरच्या खिडकीतून ऊन येत होतं, त्यांची लांबलचक सावली पाण्यावरून सरकली आणि मी खाडकन मिटलो. माझा काय दोष? आमच्या झालरीच्या काठाला शेकडो बारीक डोळे असतात. चेहरे दिसत नाहीत, उजेड आणि सावली तेवढी कळते. पाण्यातली सावली म्हणजे कुणाचं तरी भुकेलं पोट. वाडवडिलांनी शिकवलेलं आहे, आधी मीट आणि मग विचार कर.

डॉक्टरीणबाई धावत काचेपाशी आल्या. दुकानदाराने बजावलं होतं की सावलीने हा मिटतो, आणि सारखा मिटला तर उपाशी मरतो. त्या पटकन बोलून गेल्या, "बाबा, जरा वाकून जाता का?" शब्द तोंडातून गेला आणि मग त्यांना सासऱ्यांची पाठ आठवली. पण आजोबा "हो हो, बरोबर आहे" म्हणून तोवर खोलीकडे वळलेही होते.

त्या दिवसापासून घराने वाकायला सुरुवात केली. टाकीसमोरून जायचं तर काठाच्या खालून, कमरेत वाकून, म्हणजे खिडकीतल्या उजेडात सावली पाण्यावर पडत नाही. डॉक्टरीणबाई चहाचा कप घेऊन वाकून जायच्या. मिस्त्री पाने-हातोडीची पिशवी पाठीवर टाकून वाकून जायचा. टिकली फोनवर मैत्रिणीला रागवत असली तरी वाकून रागवायची. घरच्यांचं बघून पाहुणेही वाकायला लागले. विमा एजंट तर इतका लवला की त्याच्या खिशातली पेनं घरंगळत कोचाखाली गेली. या घरात फार विनय आहे, असं त्याने खाली जाऊन वॉचमनला सांगितलं म्हणे.

आणि मी? अहो, मला आठ-पंधरा दिवसांत त्या घराच्या सावल्यांची सवय झाली. सुरुवातीला कुणी विसरून ताठ जायचं, तेव्हा सावली आली, गेली, कुणी खाल्लं नाही. आम्ही डोक्याने नसलो तरी अनुभवाने शहाणे होतो. पण ते मी दाखवणार कसं? पुढे कुणी सावली पडू दिली तर ना.

एकच सावली मात्र मला आठवत राहिली. ती लांब, सरळ. ती पुन्हा आलीच नाही. काठीचा आवाज यायचा, पण मागच्या गॅलरीतून. आजोबांच्या खोलीला एक दार गॅलरीत होतं आणि गॅलरीतून स्वयंपाकघरात जाता यायचं. चहाला, जेवायला, औषधाच्या पाण्याला ते तिकडून फिरून जायचे. हॉलमधली त्यांची खुर्ची हळूच त्यांच्या खोलीत गेली. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण ते अगदी गुपचूप गेले. म्हाताऱ्या माणसांना ही कला येते.

मग टाकीत फौजदार आला. पिवळ्या तोंडाचा, गडद निळ्या अंगाचा, तळहातात मावेल एवढा मासा. दिवसभर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गस्त घालायचा, म्हणून टिकलीने हे नाव ठेवलं. स्वभावाने वाईट नव्हता. फक्त पोटासाठी काय वाटेल ते करायचा, आणि बिलंदरही होता. त्याच्या लवकरच ध्यानात आलं की या घरातली माणसं दर थोड्या वेळाने वाकतात आणि त्यांचा चेहरा बरोबर काचेसमोर येतो.

चेहरा आला की फौजदार समोर येऊन असा काही केविलवाणा बघायचा, की दगडाला पाझर फुटावा. माणसं कुठली टिकणार? डॉक्टरीणबाई इकडे तिकडे बघून वरच्या डबीतल्या खाण्याची चिमूट टाकायच्या. मिस्त्री टाकायचा. टिकली टाकायची. खायला दिवसातून एकदाच द्यायचं असा नियम डॉक्टरीणबाईंनी स्वतः केलेला, त्यामुळे सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी. नियम मोडताना नियम करणाऱ्या बाई सगळ्यांत जास्त दबकत असत.

आता खरा घोटाळा ऐका. चेहरा दिसला की फौजदाराला इतका आनंद व्हायचा की खाणं पाण्यात पडेपर्यंत त्याला दम धरवायचा नाही. तो गरगर फिरायचा आणि समोर येईल त्याला चोच मारायचा. खडकाला, काचेला, पंपाला, आणि सगळ्यांत मऊ लागायची ती माझी झालर. टोचलं की मी मिटायचो. मी मिटलो की माणसं घाबरायची, नक्की आपली सावली पडली म्हणून आणखी खाली वाकायची. आणखी वाकली की चेहरा आणखी जवळ. मग फौजदार आणखी खूश. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. आणि तोंडही माझं मलाच दाबायला लागायचं.

मी रोडावलो. झालर काठाबाहेर येईना, कडा विरल्या, कवचाला नव्या वाढीची जी पांढरी कड येते ती थांबली. डॉक्टरीणबाईंनी काय नाही केलं? क्षार तपासले, कॅल्शियम तपासलं, कारण दातांसारखंच माझं कवचही त्यावर वाढतं. दिवा बदलला, पाण्याचा झोत बदलला. दात बघायचा तो इवलासा आरसा माझ्या बुडाखाली घालून कुठे गोगलगायी चिकटल्यात का ते पाहिलं. सगळे रिपोर्ट चांगले. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. पण त्यांच्या मायेत खोट नव्हती, म्हणून मला कधी राग आला नाही. स्टुलावर चढून त्या पाण्यात हात घालायच्या तेव्हा आधी सगळे दिवे बंद करायच्या, आणि हाताला मी मिटायचोच. त्यामुळे वरून त्यांनी मला दुकानातल्या त्या दिवसानंतर कधी पाहिलंच नाही. टाकीचा काठ त्यांच्या हनुवटीला लागायचा. काचेतून, बाजूने बघायच्या. बाजूने आम्ही मळकट तपकिरी दिसतो. त्यांना वाटलं, रंगही उडाला.

एके संध्याकाळी जेवताना त्या म्हणाल्या की रविवारी शिंपला दुकानदाराकडे परत देऊ. त्याच्याकडे मोठ्या टाक्या आहेत, जगला तर तिथे जगेल. "माझ्याकडे त्याला भीती वाटते. त्याला मी नकोच आहे बहुतेक." हे बोलताना त्यांनी पोळीचा घास मोडला आणि तसाच ताटात ठेवला. मिस्त्रीने एक पातळ पातं काढून टेबलावर ठेवलं. माझे धागे खडकापासून कापायला. नीट कापलं गेलं तर वाचेन, पाय फाटला तर नाही.

मला रडता येत नाही. येत असतं तरी त्या पाण्यात कुणाला कळलं नसतं.

शनिवारी मिस्त्रीने कामावर जाण्यापूर्वी स्वयंपाकघराच्या गॅलरीकडच्या दाराला रंग दिला आणि आज त्याला कुणी हात लावू नका म्हणून सांगून गेला. टिकली कॉलेजात, डॉक्टरीणबाई दवाखान्यात. उन्हं खिडकीतून आत आली होती. आजोबांना औषध घ्यायला पाणी हवं होतं. गॅलरीतून गेले, ओला रंग बघून परत आले. मग बऱ्याच महिन्यांनी त्यांच्या खोलीचं हॉलकडचं दार उघडलं.

ते उंबऱ्यावर थांबले. घसा खाकरला आणि मला म्हणाले, "माफ कर रे बाबा. मला वाकता येत नाही. मिटायचं तर मीट, मी पटकन जातो."

आणि आले. ताठ. ती लांब, सरळ सावली पाण्यावरून माझ्या अंगावर आली. खोटं कशाला सांगू, मला इतका आनंद झाला की होती नव्हती ती सगळी झालर मी पसरून दिली. फौजदार आपल्या गस्तीवर. काचेसमोर चेहराच नव्हता, होता तो आजोबांचा सदरा. सदऱ्याकडून त्याला कधी काही मिळालं नव्हतं.

पाणी पिऊन ते परत निघाले आणि मध्येच थबकले. काठावरून सरळ खाली बघत राहिले. टाकीच्या वर एवढ्या उंचीवरून बघणारं घरात दुसरं कुणी नव्हतंच. मिस्त्री उंचीत आईवर गेला होता.

"अरे," ते म्हणाले, "तू तर निळा आहेस."

आहेच. कधीपासून सांगतोय.

मग ते गेले नाहीत. काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले आणि माझ्याशी बोलत बसले, उभ्यानेच. क्रेनच्या केबिनमधून सकाळी खाली बघितलं की धक्क्याला लागून असाच रंग दिसायचा, म्हणाले. माल उतरवायचा राहून जायचा कधीकधी, मुकादम खालून शिव्या द्यायचा. काम सुटलं तसा तो रंगही सुटला. माझ्यासारख्या समुद्र न पाहिलेल्याला कुणीतरी समुद्राची गोष्ट सांगत होतं. एका जागी चिकटून राहणाऱ्या जिवाला याहून मोठं सुख ते काय?

दवाखान्यात शेवटचा पेशंट आलाच नाही म्हणून डॉक्टरीणबाई लवकर घरी आल्या. दार उघडतात तो सासरे टाकीपाशी ताठ उभे आणि त्यांची अख्खी सावली माझ्या अंगावर.  त्या सवयीने कमरेत वाकल्या आणि तशाच लगबगीने पुढे आल्या. चेहरा काचेसमोर. फौजदार धावला, गरगरला, मला टोचलं. मी मिटलो.

पण या वेळी वरून बघणारं कुणीतरी होतं. हुकाला लावलेला माल कुठे डुलतोय आणि कशामुळे डुलतोय, हे बघण्यात ज्याचा जन्म गेला असं कुणीतरी.

"सूनबाई," आजोबा म्हणाले, "उभी राहा. ताठ."

इतक्या वर्षांत ते सुनेशी असं कधी बोलले नव्हते. बाईंना वाटलं, रागावले. त्या चटकन सरळ झाल्या. फौजदार जरा घुटमळला आणि गस्तीला गेला. मी हळूहळू दार किलकिलं केलं, मग अर्धं, मग सगळं.

"आता वाक." त्या वाकल्या. फौजदार धावला, मी मिटलो. "आता उभी राहा." मी उघडलो. शाळेतल्या कवायतीसारखं हे त्यांनी सुनेकडून करवून घेतलं, आणि प्रत्येक वेळी आजोबांची सावली माझ्यावर तशीच होती. सांगायला काही उरलंच नाही.

बाईंनी स्टूल ओढलं. दिवे चालू ठेवून, हात पाण्यात न घालता त्या पहिल्यांदाच नुसत्या बघायला वर चढल्या. सासऱ्यांच्या खांद्याशी खांदा लागला. मी त्यांच्याकडे बघून, म्हणजे माझ्या पद्धतीने बघून, होता नव्हता तेवढा निळा झालो. त्यांच्या डोळ्यातला एक थेंब पाण्यात पडला. खारटच होता, म्हणून चाललं.

 मग बाईंनी विचारलं, "बाबा, तुम्ही हल्ली हॉलमध्ये का बसत नाही?"

"मला वाकता येत नाही गं."

बाईंना ते समजायला थोडा वेळ लागला. मग गॅलरी, खोलीत गेलेली खुर्ची, काठीचा आवाज, सगळं एकदम लक्षात आलं असावं. त्या स्टुलावरच खाली बसल्या. "एका शिंपल्यापायी घरातलं माणूस मी बाहेर घालवलं," त्या म्हणाल्या, "आणि मला कळलंसुद्धा नाही."

"तू कुठे घालवलंस? मीच गेलो. तुझा जीव त्याच्यात होता. म्हटलं, आपल्या सावलीने कशाला मरायला हवा."

माझ्यात हाडं नाहीत, रक्तही धड लाल नाही, तरी हे ऐकून माझ्या आत काहीतरी हललं. जी सावली पुन्हा यावी म्हणून मी वाट बघत होतो, ती मला मारेल या भीतीने हा माणूस माघारी गेला होता. आणि आम्हा दोघांनाही बोलायची चोरी.

संध्याकाळी घराची पंचायत बसली. चिमूट कोण टाकतं, असा प्रश्न निघाला आणि तिघंही एकदम जमिनीकडे बघायला लागली. आधी टिकलीने कबूल केलं, कधीतरीच म्हणून. मग मिस्त्रीने. मग सगळ्यांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं आणि त्यांचे कान लाल झाले. आपलेच दात आपलेच ओठ, कोण कुणाला बोलणार? मिस्त्री म्हणाला, लिफ्ट अडकली की लोक असंच करतात. एकदा बटण दाबून भागत नाही म्हणून दहादा दाबतात, आणि मग ती आणखी अडकते. आजोबांनी काठी आपटली आणि सगळे हसले. त्या हॉलमध्ये पुष्कळ दिवसांनी चार माणसांचं हसू एकदम ऐकू आलं.

रविवारी ते पातळ पातं बाहेर निघालं. टिकलीने त्या पात्याने काचेवरचं शेवाळ खरवडलं आणि ते खणात ठेवून दिलं.

फौजदाराला आता दूरच्या कोपऱ्यात, चमचा वाजवून, ठरल्या वेळी खायला मिळतं. त्याची खोड आठवड्याभरात गेली. माणसांची जायला मात्र वेळ लागला. डॉक्टरीणबाई कितीतरी दिवस दवाखान्यातल्या माशांच्या चित्रासमोरूनही वाकून जायच्या, आणि टिकली कॉलेजच्या जिन्यात अकारण लवली म्हणून मैत्रिणींनी तिला फार छळलं.

आता माझं कसं चाललंय म्हणाल तर विचारू नका, दृष्ट लागेल. कवचाला नवी पांढरी कड आली. ती बघून डॉक्टरीणबाईंनी नवा दात आला म्हणून दवाखान्यात फोन करून सांगितलं. अंग वाढतंय, तसं कॅल्शियमही जास्त लागतं, आणि त्या कुरकुर न करता घालतात. मिस्त्रीने टाकीपुढे एक रुंद लाकडी पायरी केली, न डगमगणारी, तिला कठडाही आहे. ज्या घरात माणसं वाकत होती तिथे आता माणसं चढतात. दवाखान्यातून आल्या की बाई चप्पल काढायच्या आधी पायरीवर चढतात आणि खाली बघतात. 'आ करा' असं त्यांनी मला आजवर एकदाही म्हटलेलं नाही. गरजच पडली नाही.

विमा एजंट परवा पुन्हा आला आणि सवयीने कमरेत लवला. आजोबांनी काठीने त्याला अडवलं आणि बजावलं की आमच्या घरात वाकायला मनाई आहे.

तुम्हीही कधी आलात तर एवढंच ऐका माझं. मोती विचारू नका. काचेला नाक लावू नका, फौजदाराच्या आशा उगाच वाढतात. ताठ चालत या, पायरीवर चढा आणि वरून बघा. सावली पडली तर पडू द्या, मला आता सावलीवरून माणसं ओळखता येतात. आणि माझी ओळख करून द्यायला कुणी लागलंच, तर या घरातली सगळ्यांत लांब सावली माझ्या शेजारीच खुर्ची टाकून बसलेली असते.